समुद्रतळाचं औषध आणि फवारणीचा पंप

पेट्री डिशच्या मधोमध पांढऱ्या कापसासारखी बुरशी पसरलेली असते आणि कडेला जिवाणूंची एक ओळ. त्या ओळीजवळ आल्यावर बुरशी थबकते. मध्ये एक स्वच्छ, रिकामी पट्टी राहते. समुद्रातल्या दोन-तीन हजार मीटर खोलीवरच्या गाळातून आणलेल्या जिवाणूवर शोधनिबंध निघाला की त्यात बहुधा हे छायाचित्र असतंच, आणि बातमीत त्याचं ‘समुद्रतळाशी सापडलं बुरशीवरचं औषध’ होऊन जातं. असा निबंध हाती आला की मी आधी एकच गोष्ट बघतो: डिशमधली बुरशी कुठली? बऱ्याचदा ती माणसाला होणारी नसतेच. फ्युजेरियम असते, बोट्रायटिस असते, कोलेटोट्रायकम असते. म्हणजे मुळं, फळं, पानं सडवणाऱ्या बुरशी. मग निबंधाचा शेवटही ‘पीक संरक्षणात याचा उपयोग होऊ शकेल’ असाच असतो.

यात वावगं काहीच दिसत नाही. पिकांवरच्या बुरशीमुळे अन्नाचं नुकसान होतं, आणि ते टाळायला कुणी समुद्राचा तळ धुंडाळत असेल तर चांगलंच आहे. तरीही ते वाक्य वाचताना मी अडखळतो. बुरशीवरची औषधं माणसासाठी आणि शेतासाठी एकाच वेळी मोकळी सोडली की काय होतं, हे आपण एकदा बघितलं आहे. त्याची किंमत अजून चुकती व्हायची आहे.

आधी हे बघू की बुरशीवर औषधं इतकी कमी का. जिवाणूंवर औषधांच्या कितीतरी जाती आहेत. शरीरात आत शिरलेल्या बुरशीवर मुख्य जाती एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. पॉलिइन, अॅझोल, एकायनोकॅन्डिन आणि जोडीला घ्यायचं फ्लुसायटोसिन. कंपन्यांचा आळस हे याचं खरं कारण नाही. कारण आहे नातं. बुरशी जिवाणूंपेक्षा आपल्याला जवळची. प्राणी आणि बुरशी यांचा समान पूर्वज साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून इतकी वेगळी असते की तिच्यावर नेम धरणं त्या मानाने सोपं जातं. बुरशीच्या पेशीत मात्र आपल्यासारखंच केंद्रक असतं आणि बरीचशी यंत्रणाही आपल्यासारखीच. नेम धरावा असे फरक थोडेच. पेशीच्या पटलात आपल्याकडे कोलेस्टेरॉल असतं, तिच्याकडे एर्गोस्टेरॉल. तिला ग्लुकानची भिंत असते, आपल्याला ती नसते. बहुतेक सगळी औषधं या दोन फरकांभोवतीच फिरतात. पॉलिइनपैकी अॅम्फोटेरिसिन-बी हे १९५० च्या दशकातलं, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून आलेलं. ते एर्गोस्टेरॉलला धरतं, पण थोडं कोलेस्टेरॉललाही धरतं आणि मूत्रपिंडाला त्रास देतं. इंग्रजी बोलणारे डॉक्टर त्याला गमतीने ‘अॅम्फोटेरिबल’ म्हणतात. कोविडच्या साथीत काळी बुरशी हे नाव घरोघर पोहोचलं, तेव्हाही डॉक्टरांचा मुख्य भरवसा याच सत्तर वर्षं जुन्या औषधावर होता.

एकायनोकॅन्डिन गटातलं पहिलं औषध, कॅस्पोफंजिन, अमेरिकेत २००१ साली मंजूर झालं. त्यानंतर इब्रेक्साफंजर्प हे नव्या रचनेचं औषध यायला २०२१ उजाडलं, आणि तेही त्याच ग्लुकानच्या भिंतीवर वेगळ्या जागेवरून घाव घालणारं. दरम्यान बुरशी थांबलेली नव्हती. २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून वेगळी केलेली कॅन्डिडा ऑरिस पाहता पाहता जगभरच्या अतिदक्षता विभागांत पोहोचली, आणि तिचे काही वाण तिन्ही मुख्य गटांना दाद देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने बुरशीजन्य रोगजंतूंची पहिली अग्रक्रम यादी काढली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. तीत १९ बुरशी आहेत आणि त्यातल्या चार सर्वांत गंभीर गटात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६५ लाख लोकांना शरीरात आत शिरणारा बुरशीचा संसर्ग होतो आणि सुमारे ३८ लाख दगावतात, त्यातले २५ लाख थेट या संसर्गानेच.

म्हणजे एकीकडे इतके मृत्यू आणि दुसरीकडे मोजकी शस्त्रं. तरीही यातलंच एक शस्त्र आपण दोन्ही आघाड्यांवर वाटून टाकलं.

ते शस्त्र म्हणजे अॅझोल. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही दवाखान्यातली नावं. टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही शेतातली. रेणू वेगवेगळे, पण नेम एकच: एर्गोस्टेरॉल तयार करणारं सीवायपी५१ हे विकर, म्हणजे एन्झाइम. युरोपातल्या पाच सरकारी यंत्रणांनी जानेवारी २०२५ मध्ये एक संयुक्त अहवाल काढला. २०१० ते २०२१ या काळात युरोपात माणसांच्या उपचाराबाहेर सुमारे १ लाख २० हजार टन अॅझोल विकली गेली, असं त्यात म्हटलं आहे. जवळजवळ सगळी शेतीसाठी.

आता अॅस्परजिलस फ्युमिगेटसकडे बघा. ही बुरशी पिकावर रोग पाडत नाही. ती कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, कंपोस्टच्या ढिगात आपलं काम करत असते. फवारणी तिच्यासाठी नव्हतीच. तिच्या अंगावर ते औषध नुसतं सांडलं. पण वर्षानुवर्षं सांडत राहिलं, आणि त्यातून सीवायपी५१ च्या जनुकात बदल झालेले वाण तगून वर आले. त्या बदलाला टीआर३४/एल९८एच असं रुक्ष नाव आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासूनच्या नमुन्यांत तो आढळला आहे. त्याचा सर्वांत सखोल माग काढला तो नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी. त्यांना असे रुग्ण भेटू लागले की ज्यांनी आयुष्यात अॅझोलची एकही गोळी घेतली नव्हती, तरी फुप्फुसातली बुरशी पहिल्या दिवसापासून अॅझोलला जुमानत नव्हती. तोच बदल माती आणि कंपोस्टच्या नमुन्यांतही सापडला. बीजाणू हवेतून येतात. आपण सगळेच ते रोज श्वासातून आत घेतो. धडधाकट माणसाला काही होत नाही. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चाललेल्या, प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाची गोष्ट वेगळी.

हा चोर-शिपायाचा खेळ नाही. शेतकऱ्याने चोरी केलेली नाही. त्याच्या हाती परवान्याचं औषध होतं आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे त्याने ते फवारलं. चूक परवाना देणाऱ्या रचनेची. माणसाच्या औषधाला एक खातं मंजुरी देतं, शेतीच्या औषधाला दुसरं. पहिलं विचारतं, रुग्णाला अपाय होईल का? दुसरं विचारतं, फळावर अंश किती राहतो, मधमाशीला, माशाला काय होतं? ‘हा नेम आणखी कुणी वापरतंय का?’ हा प्रश्न बराच काळ दोघांच्याही अर्जात नव्हता.

एकदा ठेच लागली की पुढचा शहाणा होतो म्हणतात. इथे तसं झालेलं दिसत नाही. ओलोरोफिम हे अॅझोलला न जुमानणाऱ्या अॅस्परजिलसवर ज्याच्याकडून आशा आहे असं नवं औषध आहे. त्याचा नेम डीएचओडीएच या विकरावर, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही औषधाने अजून न बोथटलेल्या जागेवर. ते रुग्णांवरच्या चाचण्यांत असतानाच, त्याच विकरावर काम करणारं इप्फ्लुफेनोक्विन हे बुरशीनाशक २०२२ मध्ये अमेरिकेत पिकांसाठी मंजूर झालं. प्रयोगशाळेत इप्फ्लुफेनोक्विनला सरावलेली अॅस्परजिलस ओलोरोफिमलाही दाद देत नाही, हे त्यानंतर दाखवून झालं आहे. फॉसमॅनोजेपिक्स हे दुसरं येऊ घातलेलं औषध. त्याच्या नेमावर अमिनोपायरिफेन हे शेतीचं रसायन आधीच हजर. म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोहोचायच्या आत त्याची धार शेतात वापरायला निघालेली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये या धोक्याचं मूल्यमापन कसं करावं याचं एक टिपण चर्चेला ठेवलं, हे खरं. पण टिपण म्हणजे नियम नव्हे.

हे सगळं सांगून झाल्यावर मी समुद्राकडे वळतो. तळात नवं औषध सापडेल का, यापेक्षा सापडल्यावर ते आधी कुठे जाईल, हा प्रश्न मला जास्त सतावतो.

सापडेल का, याचं उत्तर बातम्यांइतकं सरळ नाही. दोनशे मीटरच्या खाली सूर्यप्रकाश जवळजवळ संपतो. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, आणि तळाशी पाणी दोन ते चार अंशांवर गारठलेलं असतं. अन्न म्हणजे वरून भुरभुरत येणारे कुजके कण. त्यातल्या घासासाठी जिवाणू आणि बुरशी दोघंही टपलेले, कारण बुरशीही त्या गाळात असतात. तेव्हा बुरशीला रोखणारं रसायन बनवणाऱ्या जिवाणूला तिथे फायदा असणार, हा तर्क पटण्यासारखा आहे. मारियाना गर्तेच्या तळातून, सुमारे १०,९०० मीटरवरून डर्माकोकस अॅबिसी हा जिवाणू वर आणला गेला आणि त्याच्यापासून डर्माकोझिन ही तोवर अज्ञात रसायनं मिळाली. ती बुरशीवरची नाहीत, पण तळाला नवीन काही देता येतं याची साक्ष म्हणून पुरेशी आहेत.

पण बुरशीविरोधी म्हणून येणाऱ्या निबंधांत वारंवार भेटतो तो बॅसिलस, आणि त्याची रसायनं इट्युरिन, फेंजायसिन, सर्फॅक्टिन या कुटुंबांतली. ही कुटुंबं मातीतल्या बॅसिलसमुळे आपल्याला केव्हाचीच ठाऊक आहेत. बॅसिलस सबटिलिसवर आधारलेली जैविक बुरशीनाशकं बाजारात आहेतही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही संशोधन जहाजातून! शिवाय बॅसिलस बीजाणू करतो. नदीच्या गाळाबरोबर, धुळीबरोबर समुद्रात गेलेला बीजाणू तळाशी जाऊन वर्षानुवर्षं नुसता झोपून राहू शकतो. त्याला जागं करून प्रयोगशाळेत वाढवलं आणि ‘खोल समुद्राचा जिवाणू’ म्हटलं, तर पत्ता बरोबर असतो, रहिवासी मात्र बाहेरगावचा. खरे रहिवासी, म्हणजे प्रचंड दाबाशिवाय ज्यांची वाढच होत नाही असे जिवाणू, आपल्या साध्या डिशमध्ये उगवतच नाहीत. म्हणून जे सहज उगवतं तेच आपल्याला पुन्हा पुन्हा सापडतं. खरा खजिना असलाच तर तो न उगवणाऱ्यांच्या जनुकांत आहे. तिथवर जायचा रस्ता म्हणजे गाळातला सगळा डीएनए वाचायचा, रसायन बनवणाऱ्या जनुकांचा गठ्ठा हुडकायचा आणि तो एखाद्या सोशिक जिवाणूत बसवून चालू करायचा. हे काम जोरात चालू आहे. जनुकांचा माग काढत जाण्याने काय हाती लागतं याचं जमिनीवरचं उदाहरण म्हणजे २०२५ मध्ये समोर आलेलं मँडिमायसिन: स्ट्रेप्टोमायसिसचंच, पण एर्गोस्टेरॉलऐवजी पटलातल्या फॉस्फोलिपिडांना धरणारं.

समुद्रातून नवा नेम मिळाल्याचंही एक उदाहरण आहे, फक्त ते खोल समुद्रातलं नाही. फ्लोरिडाजवळच्या उथळ पाण्यात सी-स्क्वर्ट नावाचा प्राणी असतो. त्याच्या अंगावर राहणाऱ्या मायक्रोमोनोस्पोरा जिवाणूपासून टर्बिनमायसिन मिळालं, आणि २०२० मध्ये ते जाहीर झालं. ते बुरशीच्या एसईसी१४ या प्रथिनावर काम करतं आणि उंदरांमध्ये कॅन्डिडा ऑरिस आणि अॅस्परजिलस दोन्हींवर चाललं. पूर्वी कुठल्याच औषधाने न वापरलेली जागा! अशी जागा कधीतरीच हाती लागते. उद्या समुद्रतळाच्या जनुकांतून अशीच एखादी जागा सापडली, तर ती पंपात भरून हेक्टरी फवारायची की तिजोरीत ठेवायची, याचं उत्तर सापडण्याच्या आधी ठरायला हवं. सापडल्यानंतर ठरवायला बसलं की समोर गुंतवणूकदार बसलेले असतात.

माझं उत्तर असं: माणसाच्या शरीरात देता येईल असा नवा नेम जिथे दिसतो, तिथे तो नेम शेतीसाठी बंद. रसायन नव्हे, नेम. केवळ त्या एका रेणूवर बंदी घातली तर त्याचाच चुलतभाऊ दुसऱ्या नावाने शेतात येईल. अॅझोलचं तसंच झालं. आणि जे माणसाच्या कामाचं नाही ते शेताला खुशाल द्यावं. इट्युरिन तांबड्या रक्तपेशी फोडतं, ते शिरेतून कुणी देणार नाही. मग ते, किंवा ते बनवणारा अख्खा जिवाणू, पिकावर जाऊ द्यावा. तिथे मला हरकत नाही. उलट रासायनिक अॅझोलवरचा भार त्याने हलका होत असेल तर बरंच.

याला पहिला आक्षेप नाटामायसिनचा घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. नाटामायसिन हे पॉलिइन. चीजवर बुरशी येऊ नये म्हणून ते दशकानुदशकं वापरात आहे, डोळ्यांच्या बुरशीवरही दिलं जातं, तरी त्याविरुद्धचा प्रतिकार विरळाच. मग दुहेरी वापर सरसकट वाईट कसा? सरसकट वाईट नाहीच. नाटामायसिन विकरावर काम करत नाही, ते एर्गोस्टेरॉललाच धरतं. जनुकात एक अक्षर बदलून विकराचा आकार बदलणं बुरशीला सोपं जातं. अख्ख्या पटलाचं सामान बदलणं महागात पडतं. तरी ‘सोपं’ आणि ‘महाग’ यांतली रेष कायमची नसते. कॅन्डिडा ऑरिसचे अनेक वाण अॅम्फोटेरिसिनला दाद देत नाहीत, हे विसरू नये. म्हणून प्रत्येक नेमाचा वेगळा तपास हवा: प्रतिकार किती सहज येतो, शेतात आलेला प्रतिकार माणसाच्या औषधालाही निकामी करतो का. प्रयोगशाळेत हा तपास काही आठवड्यांचा आहे. मंजुरीच्या आधी तो सक्तीचा करायला अडचण कसली, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. बुरशीवरचं नवं औषध रुग्णालयात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. म्हणजे जितकं चांगलं, तितकं कमी विकलं जाणार. शेतीची बाजारपेठ मोठी. तो दरवाजा बंद केला तर कंपनी त्या रेणूला हातच लावणार नाही, आणि मग ना शेताला मिळणार ना रुग्णाला. हे खोटं नाही. पण याचं उत्तर शेतात शोधायची गरज नाही. इंग्लंडने २०२२ मध्ये दोन प्रतिजैविकांसाठी वर्गणीची पद्धत सुरू केली. औषध किती वापरलं हे न बघता कंपनीला वर्षाची ठरलेली रक्कम द्यायची, प्रत्येकी कमाल एक कोटी पौंड. औषध कपाटात राहिलं तरी पैसे मिळतात, आणि कपाटात राहावं हाच हेतू. बुरशीच्या औषधांना ही पद्धत लावायला नवा शोध नको, फक्त पैसे कोण देणार हे ठरायला हवं. आणि पशुखाद्यात जे केलं ते इथे का होऊ नये? व्हँकोमायसिन या माणसाच्या प्रतिजैविकाचा भाऊबंद असलेलं अॅव्होपार्सिन युरोपात जनावरांना वाढीसाठी चारलं जात होतं. व्हँकोमायसिनला न जुमानणारे जिवाणू वाढताना दिसल्यावर १९९७ मध्ये युरोपीय संघाने ते बंद केलं. पशुपालन काही बुडालं नाही.

खोल समुद्र इथे निव्वळ निमित्त म्हणून आलेला नाही. निम्म्याहून अधिक तळ कुठल्याच देशाचा नाही, आणि म्हणूनच तिथून आलेल्या औषधाला अट घालण्याचा हक्क सगळ्यांना आहे. मातीतल्या जिवाणूबाबत हे म्हणता आलं नसतं.

हा हक्क कागदावर यायला मात्र फार वेळ लागला. १९८२ च्या समुद्री कायद्याने आंतरराष्ट्रीय तळ मानवजातीचा समाईक वारसा ठरवला, पण ‘साधनसंपत्ती’ या शब्दाचा अर्थ खनिजं एवढाच धरला. गंमत अशी की त्या वाटाघाटी चालू असतानाच, १९७७ मध्ये, गालापागोसजवळच्या तळाशी उष्ण पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती जिवाणूंवर जगणारी अख्खी वस्ती सापडली होती. मसुद्यात तिला जागा मिळाली नाही. त्या पोकळीत काय घडलं ते २०१८ च्या एका अभ्यासात दिसतं. पेटंटांत नोंदलेले १२,९९८ सागरी जनुकक्रम तपासले, तेव्हा त्यातले ४७ टक्के एकट्या बीएएसएफ या जर्मन कंपनीच्या नावावर निघाले, आणि ९८ टक्के फक्त दहा देशांतल्या संस्था-कंपन्यांच्या.

जून २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेला आणि १७ जानेवारी २०२६ पासून लागू झालेला खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार ही पोकळी भरू पाहतो. सागरी जनुकसंपत्तीचा लाभ न्यायाने वाटायचा, संगणकात साठवलेला जनुकक्रमही त्यात धरायचा, अशी त्याची मांडणी. जनुकक्रम धरला हे फार मोलाचं, कारण एकदा तो वाचला की पुन्हा समुद्रावर जायची गरजच उरत नाही. विकसित देशांनी खास निधीत दरवर्षी वर्गणी भरायची, असंही ठरलं आहे.

पण ‘लाभ’ म्हटलं की करारातली सगळी चर्चा नमुने, माहिती, प्रशिक्षण आणि पैसा यांच्याभोवतीच फिरते. बुरशीच्या औषधाचा खरा लाभ म्हणजे ते चालणं. ते चालेनासं झालं की गरीब देशाच्या वाट्याला आलेली रॉयल्टी त्याच्या अतिदक्षता विभागात काय कामाची? आणि प्रतिकाराचं नुकसान मात्र विनाकरार सगळ्यांत वाटलं जातं. बीजाणूंना हद्द नसते. ज्या देशाने ते औषध कधी विकतच घेतलं नाही, त्याच्याही रुग्णाच्या फुप्फुसात न जुमानणारी अॅस्परजिलस पोहोचते.

त्यामुळे वापरावरची अटही याच करारात यावी, असं मला वाटतं. औषध विकसित करायचं तर करा, विका, नफाही घ्या; पण त्याच्या नेमावर शेतीसाठी रसायन आणायचं असेल तर आधी प्रतिकाराचा तपास दाखवा, आणि तो प्रतिकार माणसाच्या औषधालाही निकामी करणारा निघाला तर थांबा. यावर कुणी म्हणेल, जैवविविधतेच्या करारात औषधाची धार कुठून आली? ती आली याच वाटेने: ज्या जिवाणूने ती धार घडवली तो या कराराच्या कक्षेतला आहे.

करार लागू झाल्यापासून वर्षभरात पक्ष-देशांची पहिली परिषद भरायची आहे. समुद्रातून नमुना उचलण्यापूर्वी शक्यतो सहा महिने आधी द्यायची सूचना, प्रत्येक नमुना-संचाला मिळणारा ओळख क्रमांक, पुढे त्यातून निघालेल्या पेटंटांची आणि उत्पादनांची नोंद, हे सगळं करारात आहेच. म्हणजे गाळाच्या चिमटीपासून बाटलीपर्यंतचा माग ठेवायची वही तयार आहे. त्या वहीत उत्पादनाच्या नोंदीपुढे एक रकाना वाढवावा: नेम कोणता, आणि तो माणसासाठी की पिकासाठी.